आवणी, कापणी, झोडणी : भातशेतीतील भुजश्रम व त्याचे मापन

भिवंडीची ख्याती यंत्रमागांची. तथापि त्याच तालुक्यात भाताची खाचरेही आहेत. विणकर आणि शेतकरी या दोहोंच्या श्रमजन्य व्याधींचा विचार इटालियन वैद्य रामात्सिनी याने आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत एकत्र केला होता. पुढे मात्र या दोन श्रमांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कामगारास उचलावयास लावण्यास मनाई केली. परंतु कारखान्याच्या व्याख्येत शेत येत नसल्यामुळे बांधावरून भारे वाहणाऱ्यास या कलमाचा आधार मिळाला नाही.

मापनाची साधनेही बव्हंशी कारखान्यातच घडली. मॅकॅटम्नी व कॉर्लेट यांनी १९९३ साली मांडलेली ‘रुला’ पद्धती दंड, कोपर, मनगट, मान व धड यांच्या स्थितीस गुण देऊन १ ते ७ असा निष्कर्षांक काढते. तीत दंडाचा कोन धडाच्या संदर्भात मोजला जातो. आवणी करणारी स्त्री कमरेत वाकलेली असते व तिचा हात सरळ खाली लोंबतो. धडाशी हा कोन जवळजवळ काटकोन भरतो. म्हणून दंडास अधिक गुण पडतात. वस्तुतः तो हात गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनेच असतो, आणि खरा भार कमरेवर असतो. २००० सालच्या ‘रेबा’ पद्धतीत अशा स्थितीसाठी एक गुण वजा करण्याची तरतूद झाली, हे या दृष्टीने अर्थपूर्ण होय.

‘शेतकाम’ या एका शब्दाखाली हे भेद लोपतात. शेतकऱ्याच्या बोलीत ते शाबूत आहेत. आवणीत एक हात रोपांची मूठ धरून स्थिर राहतो व दुसरा तीच हालचाल अखंड करतो. कापणीत डावी मूठ ताटे आवळते आणि उजवे मनगट विळा ओढते. झोडणीत दोन्ही हात खांद्याच्या वर जाऊन पेंढीसह वेगाने खाली येतात व आघात उलट हातांत शिरतो. म्हणजे प्रत्येक क्रियानाम हे श्रमाचे एक स्वतंत्र एकक आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या दातेरी ‘वैभव’ विळ्याने कापणीचे श्रम हलके होतात. आवणीच्या कमरेस त्याचा उपयोग नाही.

यावरून निष्कर्ष असा की, भुजश्रमाच्या पाहणीत कोनमापनापूर्वी कामाची विभागणी करणाऱ्यांच्याच शब्दांत नोंदली पाहिजे. अन्यथा अंक अचूक येईल, पण दुखणे भलत्याच अवयवाच्या नावे लिहिले जाईल, आणि उपायही तेथेच योजला जाईल.