रॅमच्या कोऱ्या पट्ट्या : एका फसलेल्या पैजेचा इतिहास

१/ सन २००१ च्या सुमाराचा पेंटियम ४ असलेला डेस्कटॉप उघडला, तर कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. रॅमचे चारही स्लॉट भरलेले असतात, परंतु त्यांतील दोन पट्ट्यांवर एकही चिप नसते. नुसती पाटी आणि तिच्यावरून गेलेल्या तांब्याच्या रेषा. या पट्ट्या निरुपयोगी समजून काढून टाकल्या, तर संगणक सुरूच होत नाही. त्या तेथे कशा आल्या, याचा हा थ्रेड. 🧵

२/ प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एका ट्रान्झिस्टरवर एक बिट साठवणाऱ्या मेमरीचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. तिची क्षमता अवघी १०२४ बिट होती. पुढे अशा अनेक चिपा एका छोट्या पट्टीवर बसवण्याची पद्धत रुळली आणि 'सिम' जन्मास आली.

३/ "रॅम जोडीनेच घ्यावी" हा जुन्या जाणत्यांचा नियम याच काळातला. त्यामागे साधे गणित होते. ३० पिनांची सिम एका वेळी ८ बिट देई, आणि ४८६ प्रोसेसरला एका वेळी ३२ बिट लागत. म्हणून सारख्या चार पट्ट्या. ७२ पिनांची सिम ३२ बिटांची, पेंटियमचा मार्ग ६४ बिटांचा, म्हणून दोन. १६८ पिनांची 'डिम' स्वतःच ६४ बिटांची असल्याने एकीवर भागू लागले.

४/ कोणत्याही कंपनीची पट्टी कोणत्याही कंपनीच्या मदरबोर्डवर चालावी, ही सोय आपोआप झालेली नाही. जेडेक नावाच्या संस्थेत प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र बसून पिना, व्होल्टेज आणि खाचेची जागा ठरवत. एसडीरॅमचे मानक तेथेच १९९३ मध्ये ठरले. पट्टीवरची खाच ही त्या कराराची खूणच म्हणावी लागेल : चुकीची पट्टी स्लॉटात शिरूच नये, एवढेच तिचे काम.

५/ या व्यवस्थेला आव्हान दिले रॅम्बसने. मार्क होरोविट्झ आणि माइक फार्मवाल्ड यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली ही कंपनी स्वतः चिपा बनवत नसे. ती रचना विके आणि स्वामित्वशुल्क घेई. एसडीरॅमचा रस्ता ६४ बिट रुंद. रॅम्बसचा केवळ १६ बिटांचा, पण त्यावरून सेकंदाला ८० कोटी वेळा माहिती धावे.

६/ १९९६ मध्ये इंटेलने रॅम्बसशी करार केला. हा निर्णय अविचारी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पीसी१३३ एसडीरॅम सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट देई. पेंटियम ४ च्या मार्गाची क्षमता ३.२ गिगाबाइट होती. रॅम्बसचे दोन मार्ग एकत्र जोडले की बरोबर ३.२. कागदावर गणित चोख जुळत होते.

७/ अडचण रचनेत होती. रॅम्बसचा संकेत एका पट्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा ओळीने जाई. मधला स्लॉट रिकामा राहिला की साखळी तुटे. म्हणून रिकाम्या जागी चिपविरहित पट्टी बसवून संकेताला नुसती वाट करून द्यावी लागे. पहिल्या पोस्टमधल्या त्या कोऱ्या पट्ट्या म्हणजे हेच पूल.

८/ मग अपशकुनांची मालिका सुरू झाली. सप्टेंबर १९९९ मध्ये इंटेलच्या ८२० चिपसेटचे अनावरण अगदी तोंडावर आले असता रोखावे लागले, कारण तिसरा स्लॉट वापरला की चुका होत. महाग रॅम्बसऐवजी स्वस्त एसडीरॅम चालावी म्हणून एक दुभाषी चिप जोडली गेली. तीही सदोष निघाली आणि मे २००० मध्ये ते मदरबोर्ड परत मागवावे लागले. एवढे होऊनही नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला, तो रॅम्बस घेऊनच.

९/ दरम्यान जून २००० मध्ये जेडेकने डीडीआरचे मानक जाहीर केले. जुनाच रुंद रस्ता, पण घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा वाहतूक. ती रॅम्बसपेक्षा बरीच स्वस्त पडे. २००३ मध्ये दोन मार्गांच्या डीडीआरसाठी इंटेलचे नवे चिपसेट आले आणि डेस्कटॉपवरील रॅम्बसचा अध्याय मिटला.

१०/ भांडण मात्र न्यायालयात चालू राहिले. जेडेकच्या बैठकांना बसूनही रॅम्बसने आपली संबंधित पेटंटे लपवली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००६ मध्ये ठेवला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दुसरी बाजूही सोवळी नव्हती. रॅमच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल सॅमसंगने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. हायनिक्स आणि इन्फिनिऑन यांनीही गुन्हा कबूल केला होता.

११/ या साऱ्यात ग्राहकाला कोणी विचारले नव्हते. २००१ मध्ये भरपूर पैसे मोजून सर्वांत वेगवान संगणक घेणाऱ्याच्या हाती दोन-तीन वर्षांत वाळीत पडलेला स्लॉट उरला. शेजाऱ्याच्या साध्या संगणकात स्वस्त डीडीआर बसे, याच्यात नाही. गंमत अशी, की दोन्ही पट्ट्यांच्या पिना १८४च. केवळ पिना मोजून खरेदी करणारा येथे हमखास फसे. डीडीआर२ आणि डीडीआर३ यांच्या पिनाही सारख्याच, २४०. पण व्होल्टेज १.८ आणि १.५, आणि खाच वेगळ्या जागी.

१२/ असा पेंटियम ४ आजही जिवंत ठेवू पाहणाऱ्याने प्रथम चिपसेटचे नाव वाचावे. ८५० असेल तर रॅम्बसच लागणार : सारख्या क्षमतेच्या आणि वेगाच्या दोन पट्ट्या, जोडीने. चारही स्लॉट भरले की त्या कोऱ्या पट्ट्या बाहेर निघतात. त्या फेकू नयेत. पुढे एखादी पट्टी निकामी झाली, तर तिची जोडीदारीणही काढावी लागते आणि त्या दोन जागी कोऱ्या पट्ट्याच परत बसवाव्या लागतात.