आठवड्याचा अंदाज आणि उल्हासचं पाणी

पावसाळ्यात रविवारी रात्री आपण सगळे एक काम हमखास करतो. फोन काढायचा आणि आठवड्याचं हवामान बघायचं. सोमवारी ढग, मंगळवारी ढगाखाली थेंब, बुधवारी वीज. त्यावर ठरतं, ऑफिसला निघायचं की घरून काम मागायचं. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला तो छोटासा ढग पुरेसं सांगतो का? उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. सुरुवातीचं काम होतं आकाशाचे वेध घेणं आणि जहाजांसाठी अचूक वेळ ठेवणं. पुढे १८६४ मध्ये कोलकात्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं. १८६६ आणि १८७१ मध्ये मान्सूनने दगा दिला. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. म्हणजे खात्याच्या जन्मामागे काळजी होती वादळाची आणि दुष्काळाची. सकाळची लोकल पकडणारा माणूस तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

आता थेट २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळात कुलाब्याला सुमारे ७४! एकच शहर, मध्ये फार तर पंचवीसेक किलोमीटर. मग ‘मुंबईत पाऊस’ या दोन शब्दांना अर्थ काय उरला? तेव्हा मुंबईजवळ डॉपलर रडारही नव्हतं. ते पुढे कुलाब्याला आलं आणि २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं बसलं. त्या दिवशी आपल्याकडे उल्हास नदीनेही पात्र सोडलं. बदलापूर, कल्याण भागात घरंच्या घरं पाण्यात गेली.

बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत हजारभर प्रवासी. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं.

हे पाणी येतं कुठून, ते बघा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटात रिकामे होतात. म्हणजे बदलापूर स्टेशनवर नुसती भुरभुर असली, तरी घाटातला रात्रभराचा पाऊस सकाळी पुलापाशी हजर!

अंबरनाथ-उल्हासनगरची गोष्ट वेगळी. तिथली वालधुनी जवळच्याच डोंगरातून निघते, १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहत उल्हासनगरात शिरते. नदी छोटी, म्हणून पाणीही पटकन चढतं. तिथे गावात पडणारा पाऊसच महत्त्वाचा.

मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून ॲपमागचं गणितही सांगतो. हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं. हवामान खात्याचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं सुमारे १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालायचं. अंबरनाथ ते बदलापूर रेल्वेने दहा किलोमीटरही नाही. म्हणजे दोन्ही गावं एकाच चौकोनात येऊ शकतात. आणि चौकोन कितीही लहान केला, तरी पावसाचं ॲप नदीबद्दल काही बोलत नाही.

म्हणून या पावसाळ्यात एक सवय लावा. खात्याचा इशारा जिल्ह्यानुसार येतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आपण ठाणे जिल्ह्याचा रंग बघून फोन ठेवून देतो. पण कर्जत आहे रायगडमध्ये. बदलापूरकरांनो, रायगडचाही रंग बघा. तो रेड असेल, तर नदीकाठच्या सोसायटीतली गाडी रात्रीच उंचावर लावा, वर राहणाऱ्यांनी तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगून ठेवा.

हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर जरूर टाका. भेटू पुढच्या भागात!