चुकीचा धनी कोण?

वेबवरचा अर्ज भरून झाला, विद्यार्थ्याचे छायाचित्र जोडले, बटण दाबले; आणि पडद्यावर नुसता ‘५००’ हा आकडा उमटला. अशा वेळी बहुतेक माणसे काय करतात? पुन्हा बटण दाबतात. पुन्हा तेच. मग म्हणतात, “आपल्यालाच हे जमत नाही.” अर्जाची शेवटची तारीख उद्याची असली, म्हणजे हा समज फार महागात पडतो. गुरुजी स्वतःला बोल लावतात, पालक गुरुजींना बोल लावतात, आणि ज्याचे काम अडले ते मूल बिचारे गप्प उभे राहते. मंडळी, म्हणूनच या आकड्याची हकिगत माहीत असलेली बरी. चूक कोणाच्या पदरी घालायची, हे सांगण्यासाठीच तो नेमलेला आहे.

प्रारंभी वेबवर चित्र पाठवण्याची सोयच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची योजना मांडली. १९९१ मधल्या पहिल्या नियमांत एकच आज्ञा होती: ‘अमुक पान दे.’ वाचनालयात जाऊन पुस्तक मागावे, तसा हा प्रकार. मागणारा मागे आणि सर्व्हर देई. सर्व्हर म्हणजे काय, तर मागणी येईल तशी पाने पुरवणारे दूरचे यंत्र. मागणीत चूक झाली, तर तसे सांगणारा आकडाही त्या नियमांत नव्हता.

त्याच सुमारास ई-मेलवाल्यांपुढे निराळी अडचण होती. पत्र म्हणजे केवळ मजकूर. त्यात चित्र कसे घालावे? नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये त्याची रीत लिहून काढली. आपल्या शेताला बांध असतो ना, तसाच बांध त्यांनी पत्रात घातला. अक्षरांची एक ठरावीक ओळ. तिच्या अलीकडे मजकूर, पलीकडे चित्र. अट एवढीच, की ती ओळ आतल्या ऐवजात कोठेही येता कामा नये. नाहीतर कोणाचे शेत कोठे संपले, ते कळायचे नाही.

पुढे नोव्हेंबर १९९५ मध्ये अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर या दोघांनी हाच बांध वेबवरच्या अर्जात आणला. हे दोघे झेरॉक्स कंपनीतले; म्हणजे आपण कागदाच्या नकलेला ज्या कंपनीच्या नावाने ओळखतो, तीच ही कंपनी. त्यांच्या टिपणामुळे अर्जात नाव, गाव यांच्या जोडीला फाईल निवडण्याची जागा आली. आज तुम्ही छायाचित्र अपलोड करता ते मूळ याच रीतीने: एका बांधापलीकडे विद्यार्थ्याचे नाव, दुसऱ्या बांधापलीकडे त्याचे चित्र.

आता आकड्यांकडे वळू. तीन आकडी उत्तर देण्याची पद्धत वेबच्या आधीची आहे. १९७० नंतरच्या दशकात फाईली पाठवण्याच्या जुन्या व्यवस्थेत ती रुळली होती. पहिल्या आकड्यावरून उत्तराचे कूळ ओळखायचे, अशी ती युक्ती. वेबने ती उचलली, पण ४ आणि ५ यांचे अर्थ नव्याने ठरवले. मे १९९६ च्या नियम-टिपणात ते स्पष्ट लिहिलेले आहेत. पहिला आकडा ४ असेल, तर मागणी पाठवणाऱ्याकडून काही चुकलेले दिसते. पहिला आकडा ५ असेल, तर चूक आपली आहे किंवा हे काम आपल्याला झेपत नाही, हे सर्व्हरला स्वतःलाच उमगले आहे. म्हणजे ‘५००’ हा एका अर्थी सर्व्हरचा कबुलीजबाब झाला!

मग झाले काय? चित्रे वाढत गेली, आणि दारे मात्र तेवढीच राहिली. वेबचे अर्ज हाताळण्यासाठी फार वापरली जाणारी पीएचपी ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिच्यात एका फाईलची मर्यादा, कोणी बदलली नाही तर, २ मेगाबाइट असते. सबंध अर्जाची ८. इंजिन-एक्स हा २००४ मध्ये आलेला सर्व्हर तर न सांगता १ मेगाबाइटलाच हात आडवा करतो. आजच्या फोनमधले एक छायाचित्र सहज ३-४ मेगाबाइटचे असते. शिवाय ते लहान करायला सर्व्हरने उघडले, की आणखी फुगते. ४,००० गुणिले ३,००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट धरले, तर ४८ मेगाबाइट जागा लागली. ती नसली की काम मध्येच बंद पडते आणि ‘५००’ उमटतो. फाईल ठेवायच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसली किंवा डिस्क भरली, तरी बहुधा तेच.

फाईल मर्यादेबाहेरची असल्यास सांगायला १९९७ पासून ‘४१३’ हा खास आकडा आहे. तो ४ च्या कुळातला खरा. पण मर्यादा घालणारे तेच, हे विसरू नका. त्याहून वाईट गोष्ट अशी, की सबंध अर्ज मर्यादेपेक्षा मोठा झाला, तर पीएचपी आतले सगळेच टाकून देते आणि कार्यक्रमाच्या हाती रिकामा अर्ज पडतो. मग पडद्यावर येते, “नाव भरलेले नाही.” नाव तर तुम्ही डोळ्यांदेखत भरलेले असते! येथे खोटे तुम्ही नव्हे; चित्राचे ओझे तेवढे जास्त झाले.

तर करावे काय? आकडा दिसला की प्रथम तो, वेळ आणि फाईलचा आकार वहीत टिपून ठेवा. मग तेच चित्र लहान करून, अर्ध्या मेगाबाइटच्या आत आणून, एकदा पाठवून पाहा. गेले, तर ओझ्याचाच प्रश्न होता. लहान चित्रालाही ‘५००’ आला, तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. ती टिपलेली माहिती देऊन संबंधित कार्यालयाला लेखी कळवा, आणि तेही मुदतीच्या आत. ‘५०४’ दिसला, तर मागचे यंत्र वेळेत उत्तर देऊ शकले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्ज कदाचित पोचलाही असेल, म्हणून दुसरा भरण्यापूर्वी पहिला नोंदला गेला का, ते पाहून घ्या. आणि शाळेचे संकेतस्थळ तुम्हीच सांभाळत असाल, तर सर्व्हरची त्रुटींची नोंदवही उघडा. पडद्यावर नुसता ‘५००’ असतो. त्याचे कारण त्या नोंदवहीत बहुधा शब्दांत लिहिलेले सापडते.

पुढच्या वेळी हा आकडा दिसला, तर वर्गातल्या मुलांनाही दाखवा. पहिला आकडा कोणता, हे त्यांना वाचू द्या, आणि मग विचारा, चुकीचा धनी कोण? यंत्रापुढे उगाच मान खाली घालू नये, एवढे तरी त्यातून मुले नक्की शिकतील.