क्रोक पार्कचे दरवाजे

डब्लिन शहरातील क्रोक पार्क या क्रीडांगणास आर्चबिशप थॉमस क्रोक यांचे नाव आहे. १८८४ साली निघालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे ते आश्रयदाते. हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे स्वतःचे खेळ जतन करण्यासाठी ही संस्था जन्मली आणि १९१३ साली तिने हे मैदान विकत घेतले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी, सामना चालू असता, ब्रिटिश सत्तेच्या दलांनी तेथे गोळीबार केला. १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मायकेल होगन हा खेळाडू होता. एका प्रेक्षागारास आजही त्याचे नाव आहे. अशा भूमीवर रग्बी आणि साधा फुटबॉल हे ‘परके’ खेळ नकोत, असा संस्थेचा नियम होता, यात नवल ते काय?

पण पुढे मैदानाची पुनर्बांधणी झाली. ८२,००० प्रेक्षकांची सोय झाली आणि त्या खर्चास सरकारी तिजोरीतून कोट्यवधी युरो मिळाले. कर तर रग्बीवालेही भरत होते! त्यातच त्यांचे लान्सडाउन रोड हे मैदान नव्या बांधणीसाठी बंद व्हायचे होते. तेवढ्या काळापुरते क्रोक पार्क भाड्याने द्यावे काय? १६ एप्रिल २००५ रोजी प्रतिनिधींनी मते दिली : अनुकूल २२७, प्रतिकूल ९७. त्या ९७ जणांना मी हटवादी म्हणणार नाही.

२४ फेब्रुवारी २००७ रोजी तेथे इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. त्याच्या राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षक शांतपणे उभे राहिले. मग आयर्लंडने तो सामना ४३–१३ असा जिंकला.