यंदा काय निघालं?

31 डिसेंबरच्या रात्री चर्चमधली उपासना लांबते. गाणी होतात, साक्षी होतात, सरत्या वर्षाचे उपकार मानून होतात आणि बारा वाजून गेले की एक ताट फिरू लागतं. ताटात पत्त्यांपेक्षाही लहान कार्डं पालथी मांडलेली. एका बाजूला सूर्योदय नाहीतर गुलाबाचं फूल, दुसऱ्या बाजूला बायबलातलं एक वचन, खाली अध्याय-ओवी. प्रार्थना पुटपुटत एक उचलायचं. मग ते वर्षभर बायबलात, पाकिटात किंवा देव्हाऱ्याच्या जागी आलेल्या टीव्हीला टेकून राहतं. ‘यंदा तुला काय निघालं?’ हा एक जानेवारीचा प्रश्न नंदुरबार-नवापूरकडे जसा विचारतात, तसाच पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांतही. सगळे त्याला प्रॉमिस कार्डच म्हणतात.

उद्याचं काही कळत नाही म्हणून चिठ्ठी उचलायची, ही खोड बायबलाइतकीच जुनी. यहूदाची रिकामी जागा भरायला प्रेषितांनी दोन नावं पुढे ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निघाला. पुढे ग्रंथाचीच चिठ्ठी झाली. 386 साली मिलानच्या एका बागेत संत ऑगस्टीननं शेजारून आलेला लहान मुलाचा आवाज ऐकला, पौलाची पत्रं उघडली, नजर पडली ते वाचलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. गंमत म्हणजे, संसारातल्या कामांसाठी शुभवर्तमानाची पानं उघडून कौल घेणाऱ्यांवर पुढे नाराजी नोंदवली तीही यानंच. भुताखेतांना विचारण्यापेक्षा हे बरं, एवढीच त्याची सवलत. 506 साली आजच्या फ्रान्समधल्या आग्द इथं भरलेल्या धर्मसभेनं तर असा कौल लावणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचं ठरवलं. एवढा कडक ठराव करावा लागला, म्हणजे प्रकार जोरात चालू असणार.

आजच्या कार्डाचं आजोळ मात्र जर्मनीत आहे. छळाला कंटाळून मोरावियातून निघालेली काही कुटुंबं 1722 साली काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर येऊन राहिली. त्या वस्तीचं नाव हेर्नहूट. 3 मे 1728च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फनं जमलेल्यांना दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. तिथून रोज सकाळी कुणीतरी दारोदार जाऊन त्या दिवसाचं वचन सांगू लागलं. सांगता सांगता घरात कोण आजारी आहे, कुणाचं काय अडलंय, तेही विचारून यायचं. 1731 साली वर्षभराच्या वचनांचं पुस्तक छापलं गेलं, आणि ते आजतागायत दरसाल निघतं. जुन्या करारातलं वचन अजूनही चिठ्ठी उचलूनच ठरतं. नव्या करारातलं त्याला साजेसं निवडतात. त्या काळी ही माणसं लग्नंसुद्धा चिठ्ठीवर ठरवत. तो नियम मात्र टिकला नाही, आणि तरुण मंडळी त्यावर हळहळली असतील असं वाटत नाही.

31 डिसेंबरच्या रात्रीचं नातंही इथेच जुळतं. मेथडिस्टांचा जॉन वेस्ली 1738 साली हेर्नहूटला जाऊन राहिला होता. पुढे जागरणाची उपासना त्याच्या लोकांत रुजली, आणि मेथडिस्टांकडून ती इतर पंथांत पसरली.

पुस्तकाची कार्डं कशी झाली? बोगात्स्की नावाच्या एका जर्मन भाविकानं 1718 साली रोजच्या वचनांची ‘सोन्याची पेटी’ छापली होती. नावात पेटी असली तरी ते पुस्तकच होतं. नंतर युरोपातल्या भाविक घरांत खरोखरीच्या पेट्या आल्या. स्वीडनमध्ये अशा डबीतल्या वचनांना मान्नाचे दाणे म्हणतात. रानात इस्राएलाला मिळालेला मान्ना त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत.

खानदेशात बरेच मिशनरी आले ते अशाच स्कँडिनेव्हियन घराण्यांतून. काही थेट तिकडून, काही अमेरिकेत स्थायिक झालेले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सननं 1890 साली अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभं केलं. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातला ‘ए’ आजही अलायन्सची आठवण ठेवून आहे.

इकडे उद्याचं विचारायचं ठिकाण ठरलेलं होतं: भगत. दाणे टाकून तो आजार कशाचा, बाधा कुणाची ते सांगे. ती वाट सोडून आलेल्या माणसाच्या हातात वर्षाच्या पहिल्या रात्री पालथं कार्ड येतं, तेव्हा ‘हे भविष्य नाही’ असं पाळकांना बजावावं लागतं. आग्दच्या धर्मसभेची काळजी हीच होती. पण मला विचाराल तर कार्डाचा खरा दोष चिठ्ठीत नाही, निवडीत आहे. 1888 साली लंडनच्या स्पर्जन या धर्मोपदेशकानं रोजच्या वचनांचं पुस्तक काढलं आणि त्याला विश्वासाच्या बँकेचं चेकबुक म्हटलं. चेक म्हटला की तो वटायलाच हवा. तेव्हापासून गठ्ठ्यात फक्त वटणारी वचनं. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत अशा अर्थाची, हमखास सापडते. ती बाबेलला धरून नेलेल्यांना धाडलेल्या पत्रातली आहे, आणि तिच्या आधीच्याच ओवीत सांगितलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर जगणार नव्हते. कार्डावर दहावी ओवी नसते.

उद्याविषयी सगळ्यात रोखठोक बोलला तो नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब. अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, कमावू म्हणणाऱ्यांना त्यानं विचारलं, उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही तर वाफ आहात. नंदुरबारच्या पाड्यांवरची माणसंही दिवाळीनंतर परमुलखात जातात, पण व्यापाराला नव्हे, गुजरातेत ऊसतोडीला. उचल आधीच घेतलेली, तेव्हा त्यांचा उद्या ठरवणारा दुसराच. जागरणाच्या रात्री चर्चमधल्या सतरंजीवर त्यांच्या जागा मोकळ्या असतात. याकोब त्यांनाही विसरलेला नाही. त्याच पत्रात पाच-सहा ओव्यांनंतर तो श्रीमंतांकडे वळतो आणि म्हणतो की तुमच्या शेतांची कापणी केलेल्यांची अडवून धरलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. ही ओवी छापलेलं कार्ड मी अजून पाहिलेलं नाही.