आधी विंच, मग घोडे

दगडधोंडे, चिखल, वाळू अशा वाटांसाठी अवजड पिकअप घ्यायला निघालेलं अमेरिकन गिऱ्हाईक शोरूममध्ये आधी अश्वशक्ती विचारतं. जाणकार गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बघतं. त्याचं बरोबर असतं, कारण या जातीचा मूळपुरुष मानली जाणारी १९४६ सालची डॉज पॉवर वॅगन अवघ्या ९४ अश्वशक्तीची होती. आजची साधी कुटुंबवत्सल मोटारही तिला सपाट रस्त्यावर सहज मागे टाकेल. पण रस्ता संपला, की हिशेब उलटा होतो.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. १९०८ च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावात ओटो झॅखो आणि विल्यम बेसरडिक या मेव्हण्या-मेव्हण्यांनी तिच्यातली खरी गाठ सोडवली. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर पोचवायचा तर ती वळलीही पाहिजेत, आणि वळताना जोर तुटता कामा नये. त्यांनी पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना गोल आवरणात बसणारा सांधा दिला. त्यांच्या एफडब्ल्यूडी कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवत फिरले. तरीही ही चैन सैन्याची, खाणवाल्यांची आणि रस्ते बांधणाऱ्यांची. शेतकऱ्याला ती परवडणारी नव्हती. १९३५ पासून इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना पुढचा अॅक्सल बसवून द्यायची, पण ते काम मुळात जोडकामच, आणि जोडकामाची किंमतही तशीच.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि डॉजने पाऊण टनी चार-चाकी-ड्राइव्ह ट्रक सैन्यासाठी लाखांच्या हिशेबात काढले. रुंद, बुटके, ताडपत्रीच्या छताचे. शस्त्रं वाहायला, जखमींना न्यायला, बिनतारी यंत्रांची खोकी हलवायला तेच. युद्ध संपल्यावर हे सांगाडे, गिअरबॉक्स, अॅक्सल कारखान्याच्या हाताशी तयार होते. त्यांवर युद्धाआधीच्या डॉज ट्रकची बंद केबिन चढवली, मागे आठ फुटी हौदा दिला आणि १९४६ साली नागरी पॉवर वॅगन विक्रीला आली. अमेरिकेत कारखान्यातूनच चार-चाकी-ड्राइव्ह होऊन मोठ्या संख्येने बाहेर पडलेला हा पहिला नागरी पिकअप.

दिसायला तो जेमतेमच. पुढचे मडगार्ड सैनिकी, बोनेट अरुंद, आत ऐसपैस असं काही नाही. पण कागदावरचे तीन आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिला गिअर ६.४०, दोन्ही अॅक्सलना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसची लो रेंज (संथ गिअर) १.९६ आणि अॅक्सल ५.८३. तिन्हींचा गुणाकार ७३ च्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाने ७३ फेरे मारले की चाकाचा एक. इंजिन निवांत धडधडत असतं आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू दगडावर चढते, दगडावरून उतरते. ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही, क्लच जळत नाही. उलट महामार्गावर ताशी पन्नास मैलांच्या आसपास तिची दमछाक व्हायची. २३० घनइंची, साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरी इंजिन कमी दाबाचं असल्यामुळे हलक्या प्रतीचं पेट्रोलही मुकाट पचवायचं. सौदी अरेबियाच्या वाळवंटात तेल शोधणाऱ्या अरामको कंपनीने तिला जवळ केलं, त्यात या गुणाचाही वाटा असणार.

दुसरी गंमत पुढच्या बंपरवर. तिथे बसवून मिळणारं विंच, म्हणजे तार गुंडाळणारं ओढयंत्र, १० हजार पौंड ओढायचं आणि ते विजेवर नव्हे, थेट इंजिनावर चालायचं. गिअरबॉक्सच्या बगलेतून निघालेला दांडा चॅसीच्या कडेने पुढे जाऊन विंचचा ढोल फिरवी. या दांड्याच्या जोडावर मुद्दाम मऊ धातूची एक पिन असे. ओझं आवाक्याबाहेर गेलं की आधी ती पिन कापली जायची. तार किंवा गिअर तुटायच्या आत. खिशात चार पिना ठेवल्या की काम भागलं. त्याच इंजिनाच्या जोरावर मागे पट्टा लावून शेतकरी लाकूड कापायची करवत नाहीतर पाण्याचा पंप चालवत.

विंच इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर डिफरन्शिअलमध्ये आहे. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरावं म्हणून ते असतं. पण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि एक चाक हवेत लटकलं किंवा चिखलात गरागरा फिरू लागलं की त्या चाकाला जेवढा जोर पेलवतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. १९४६ ची पॉवर वॅगन या बाबतीत साधीच होती. चार-चाकी-ड्राइव्ह असूनही तिची दोन चाकं घसरली की ती अडकायची. तेव्हा ड्रायव्हर उतरायचा, तार झाडाला बांधायचा आणि गाडी स्वतःलाच ओढून काढायची.

याच काळात सुट्या भागांचं एक वेगळंच घराणं वाढत होतं. सिअॅटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये जीपसाठी असे हब बनवले, की पक्क्या रस्त्यावर पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवता यावीत आणि उगाच झीज होऊ नये. मिनिअॅपोलिसच्या नॅप्को कंपनीचे चार-चाकी-ड्राइव्हचे जोडसंच शेव्हर्ले आणि जीएमसी पिकअपखाली बसू लागले. १९५७ मध्ये शेव्हर्ले आणि डॉज या दोघांच्याही कारखान्यात नेहमीच्या, नीटस केबिनचे चार-चाकी-ड्राइव्ह पिकअप तयार होऊ लागले आणि १९५९ मध्ये फोर्डनेही स्वतःचा काढला. बुटक्या सैनिकी पॉवर वॅगनला आता घरातच प्रतिस्पर्धी झाले. अमेरिकेतली तिची विक्री १९६८ मध्ये थांबली. परदेशांसाठी ती पुढे जवळपास दहा वर्षं बनत राहिली.

क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि फार्गो या नावांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या मोटारी आणि ट्रक जुळवले जात, तर माझगावला महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतली. युद्धाने घडवलेली दोन यंत्रघराणी मुंबईत अशी काही मैलांच्या अंतराने नांदली.

पॉवर वॅगन हे नाव २००५ साली डॉज रॅम २५०० वर परत आलं, आणि या वेळी जुन्या गाडीची उणीव भरून निघाली होती. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शिअलना विजेवर चालणारे लॉकर. बटण दाबलं की अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, मग एक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. पुढचा स्वे बारही बटणावर सुटतो, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी ती दांडी बाजूला झाली की चाक खड्ड्यात खोलवर उतरू शकतं. विंच १२ हजार पौंडांचं, अर्थात विजेचं. अलीकडच्या आठ गिअरच्या गाडीत तोच गुणाकार ५१ च्या आसपास भरतो, म्हणजे ७३ च्या तुलनेत बराच कमी. फरक भरून काढायला चारशेहून जास्त अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. तरी जुन्या गाडीचा संथपणा तिच्यात नाही, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं कठीण आहे.

खरी निवड इथून सुरू होते, आणि जाहिरातीत ती दिसत नाही. चाकं वरखाली हलावीत म्हणून पॉवर वॅगनच्या स्प्रिंग मऊ ठेवल्या आहेत, त्यामुळे तिची ओझं वाहण्याची क्षमता जेमतेम १५०० पौंड, साध्या रॅम २५०० पेक्षा पुष्कळच कमी. हौद्यावर तंबूघर लादून वाळवंटात जायचं असेल तर हा आकडा आधी बघावा. विंचने पुढची जागा अडवल्यामुळे आणि वजनामुळे तिला बरीच वर्षं डिझेल इंजिनही मिळालं नाही. फोर्डने २०२० च्या सुपर ड्यूटी ट्रेमरमध्ये उलटा सौदा केला. ३५ इंची टायर आणि हवं तर डिझेलही. लॉकर मात्र फक्त मागे, पुढे घसरण थोडीफार आवरणारं डिफरन्शिअल. खडकांवर चाक लटकणार असेल तर पहिली गाडी, जड ट्रेलर ओढत चिखलाच्या वाटेने डोंगरातल्या तळापर्यंत पोचायचं असेल तर दुसरी. शेव्हर्ले सिल्व्हराडो एचडी झेडआर-टू तिसऱ्या वाटेने गेली. तिची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत; खडबडीत सपाटीवर वेगाने जाताना त्याचा आराम वाटतो, पण एक चाक खडकावर चढलं की अखंड अॅक्सल दुसऱ्याला आपोआप खाली दाबतो, ते इथे होत नाही.