देवीची साथ आणि आईबापांपुढचा पेच

मूल देवीच्या तापाने फणफणले की महाराष्ट्रातील आईबाप शीतलादेवीला शरण जात, अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवत आणि देवी उतरेपर्यंत सोवळे पाळत. रोग जडल्यावर हमखास औषध कोणाकडेच नसल्याने या श्रद्धेला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोग टाळण्यासाठी मात्र जून १८०२ मध्ये बगदाद-बसरामार्गे आलेली गोस्तनदेवीची लस, म्हणजे गायीच्या सौम्य देवीचा द्रव, मुंबईत ३ वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला टोचण्यात आली. ही लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात टोचूनच जिवंत ठेवावी लागे. त्यामुळे आपले मूल वाचवू पाहणाऱ्या आईला परक्या लेकराच्या फोडातील द्रव स्वीकारावा लागे आणि आठवडाभराने आपल्या लेकराचा दुखरा दंड तिसऱ्यासाठी पुढे करावा लागे; या देवाणघेवाणीला जातीच्या विटाळाची भीतीही आड येई.